ठेका चुकलेले बदाम

पिठाच्या गिरणीला लागून कॉम्प्युटरचं दुकान कुणी शहाणा माणूस काढेल का? आमच्या वसईजवळच्या आचोळ्यातल्या इमारतीत विठ्ठलशेटने काढलं. गिरणी सुरू झाली की दुकानातलं टेबल थरथरायचं आणि फटींतून येणारं पीठ कीबोर्डवर, पडद्यावर, पंख्याच्या पात्यांवर बसायचं. दुकानाचं नाव ‘उन्नती व्हिडिओ’. उन्नती ही त्याची मुलगी. लग्न, मुंज, बारसं, साखरपुडा, कशाचंही शूटिंग आणि मिक्सिंग करून मिळेल असं पाटीवर लिहिलेलं. शूटिंग विठ्ठलशेट करायचा. मिक्सिंग, म्हणजे त्या शूटिंगची कापाकापी करायची, त्यावर गाणी लावायची, फुलं-पाखरं उडवायची आणि सीडी तयार करायची, हे सगळं हेमांगी करायची.

हेमांगी आमच्या समोरच्या दारातली. तिचा नवरा सदानंद अंधेरीला एका कंपनीत होता. माणूस चांगला, चांगला म्हणजे कशात नाही तो. संध्याकाळी हेमांगी जिना चढून वर यायची तेव्हा तिच्या केसांना, भुवयांना पीठ लागलेलं असायचं आणि तिशीतली बाई पन्नाशीची दिसायची. घराचं कुलूप काढायच्या आधी ती माझ्या दारातल्या स्टुलावर टेकायची. मी विचारायची, ‘‘चहा ठेवू?’’ ती म्हणायची, ‘‘नको वहिनी. नुसतं बसू द्या.’’ आणि नुसती बसायची. मला गप्प राहवत नाही, त्यामुळे बोलायचं काम मी करायची आणि मान डोलवायचं ती. आमची मैत्री अशी झाली, निम्म्याहून जास्त माझ्याच जोरावर.

लग्नाच्या सीडीत लोकांना काय हवं असतं हे मला तिच्यामुळे कळलं. नवरानवरीच्या डोक्यावरून गुलाब पडायला हवेत. चौकटीतून हंस पोहत जायला हवेत. आणि बदाम हवेत, पत्त्यांतले लाल बदाम, ते तर हवेतच. आवाज मात्र लग्नातला नको. मंगलाष्टकं नकोत, जनरेटरची घरघर नको, ‘‘अहो मामा, बाजूला सरका’’ नको. विठ्ठलशेटचा नियमच होता की कॅमेऱ्यात आलेला आवाज आधी काढून टाकायचा आणि त्यावर सिनेमातली गाणी चढवायची. सगळीकडे तसंच करायचे, त्यात त्याचं एकट्याचं काही नवल नाही. गिऱ्हाइकंही खूश असायची. आपल्या लग्नात आपण काय बोललो हे कुणाला ऐकायचं असतं?

हेमांगीने या गुलाब-हंसांत एक वेड घुसवलं होतं. तिला ते गाण्यावर हलायला हवे होते. नुसते इकडून तिकडे गेले असं नाही. तबल्याची थाप पडली की फूल उमलायला हवं, बासरी लांबली की हंसाने मान लांबवायला हवी. आधी हे ती हाताने करायची. गाणं ऐकायचं, थाप आली की एक बटण दाबायचं, तिथे खूण उमटायची. मग प्रत्येक खुणेवर फूल मोठं करायचं आणि पुढच्या खुणेच्या आत लहान. एका गाण्याला तिला अख्खा दिवस लागायचा आणि विठ्ठलशेट डोक्याला हात लावायचा. मग विरारच्या एका क्लासमध्ये कुणीतरी तिला दाखवलं, की कॉम्प्युटरलाच सांगता येतं, हा आवाज घे, तो वाढला की बदाम फुगव, उतरला की आवळ. बदामाची गाठ आवाजाशी मारून द्यायची, बस. त्या दिवशी वर आली तेव्हा ती स्टुलावर बसलीच नाही. उभ्या उभ्या हातवारे करून मला सांगत होती. मला अर्धं कळलं, पण तिचा चेहरा बघून बरं वाटलं.

हे वेड कुठून आलं तेही एकदा तिने सांगितलं. तिचं माहेर देवगडकडे. वडील, तिचे आप्पा, गावच्या भजनात पखवाज वाजवायचे. लहानपणी ती त्यांच्या समोर बसायची आणि मध्ये समई असायची. आप्पांनी डाव्या हाताने थाप मारली की समईची ज्योत दबायची, हात उचलला की सरळ व्हायची. ‘‘वहिनी, मला ठेका आधी दिसला, ऐकू नंतर आला,’’ ती म्हणाली. मी म्हटलं, दिव्याकडे बघणारी पोर भजन काय ऐकणार! ती हसली. हसली की छान दिसायची, पण हसायला सवड कुठे होती?

आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि लाइट त्याखेरीजही जायची. कॉम्प्युटरवर केलेलं काम शेवटी एकत्र शिजवून काढावं लागतं, त्याला ती रेंडर म्हणायची. ते शिजायला तासन्‌तास लागतात आणि मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. दुकानात इन्व्हर्टर होता, पण तो विठ्ठलशेटच्या पंख्यालाच पुरायचा. टँकर आला म्हणून ती धावत वर यायची, हंडे भरायची, पुन्हा खाली जाऊन बसायची.

पॉलिनच्या लग्नाची सीडी तिने अशाच दिवसांत केली, दोन हजार तीनच्या जानेवारीत. पॉलिन वसईच्या पाचूबंदरची. लग्न चर्चमध्ये, पार्टी मैदानावर, सगळं रीतसर. सीडी संध्याकाळच्या आत हवी म्हणून नवऱ्याकडचे एक काका सकाळपासून दुकानात ठाण मांडून बसले होते. त्या दिवशी लाइट दोनदा गेली आणि दोन्ही वेळा हेमांगीने पहिल्यापासून काम मांडलं. हेडफोनची वायर तुटली होती. बाहेर गिरणीवर लोकांची दळणं साठली होती, त्यामुळे लाइट आल्याबरोबर गिरणी जी सुरू झाली ती थांबेचना. त्या घरघरीत गाणं ऐकू येणं शक्यच नव्हतं. तिने नुसतं पडद्याकडे बघून काम संपवलं आणि सीडी दिली.

दुसऱ्या दिवशी काका परत आले. सोबत आणखी दोघं-तिघं. सीडी लावून दाखवायला लागले. एका ठिकाणी नवरीची आई मुलीजवळ बसून काही गाते आहे, भोवती हेमांगीने बदामांची महिरप केली आहे, आणि वर सिनेमातलं गाणं वाजतंय, त्या वर्षी प्रत्येक लग्नात वाजलेलं, उडत्या चालीचं. गाणं धडाधड पुढे चाललंय आणि बदाम आपले सुस्त फुगतायत, तसेच राहतायत, मग हळूच आवळतायत. गाण्याशी त्यांचं काही देणंघेणंच नाही. काका हसून म्हणाले, ‘‘दारू पार्टीत आम्ही प्यायलो आणि चढली या बदामांना!’’

विठ्ठलशेटला गिऱ्हाइकासमोर कुणावर तरी डाफरायचंच होतं. मी दळणाचा डबा घेऊन दारात उभी होते, त्यामुळे मी ऐकलं. तो म्हणाला, ‘‘हेमांगीबाई, गाणं कुठे चाललंय आणि तुमचे बदाम कुठे चाललेत? ठेका कळत नसेल तर कशाला करता ही थेरं?’’ सगळे हसले. गिरणीवाला पण हसला. हेमांगीने पदराने पडद्यावरचं पीठ पुसलं आणि पुढच्या लग्नाचं काम उघडलं. सीडी तशीच राहिली, कारण दुरुस्त करायची तर पुन्हा लाइट, पुन्हा तास, आणि काकांनाही तेवढी पडलेली नव्हती.

संध्याकाळी स्टुलावर बसून ती एवढंच म्हणाली, ‘‘आप्पांच्या मुलीला म्हणाला, ठेका कळत नाही.’’ मी म्हटलं, ‘‘मग खाली जाऊन सुनाव त्याला. नसेल जमत तर मी जाते.’’ ती म्हणाली, ‘‘जाऊ द्या वहिनी. चुकलंय ते दिसतंच आहे. कसं चुकलं ते कळत नाही, पण चुकलंय.’’ मला विठ्ठलशेटचा राग आला आणि त्याहून जास्त तिचा आला. माणसाने इतकं पडतं घेऊ नये.

त्यानंतर तिने ते वेडच सोडून दिलं. तयार नमुन्यांच्या सीड्या बाजारात मिळायच्या, त्यातले गुलाब नि हंस उचलायचे आणि चिकटवायचे. ते गाण्याशी हलत नाहीत, आपले आपण फिरतात, आणि खरं सांगायचं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. काम लवकर व्हायला लागलं. विठ्ठलशेट खूश झाला आणि तेवढ्याच वेळात जास्त लग्नं तिच्या गळ्यात मारू लागला. पुढच्या वर्षी गणपतीत आप्पा गेले. ती गावाला जाऊन आली, दुसऱ्या दिवशी दुकानात बसली. ‘‘चहा?’’ ‘‘नको वहिनी.’’ मला वाटायला लागलं होतं की ही बाई आता अशीच संपणार, एकेका लग्नाने थोडी थोडी.

आप्पा गेल्यालाही चार वर्षं झाली. एका रविवारी दुपारी आम्ही दोघी तिच्या घरात वाल सोलत बसलो होतो. मोड आलेले वाल सोलायचं काम एकटीने करू नये, बोटांबरोबर डोकंही बधिर होतं. दार वाजलं. बाहेर एक बाई उभी होती, साधी, अंगावर ड्रेस, गळ्यात बारीक क्रूस, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली सीडी. म्हणाली, ‘‘हेमांगीताई हितंच राहतात काय? विठ्ठलशेटनी सांगितलं, त्यांनाच विचारा म्हनून. मी पॉलिन. पाचूबंदरची.’’

हेमांगीने तिला ओळखलं नाही. एवढ्या नवऱ्या बघितलेल्या, त्यातली कोणती लक्षात राहणार? पॉलिन आता वालिवला एका कारखान्यात पॅकिंगचं काम करत होती. तिने सीडी पुढे केली आणि सांगायला लागली. तिची आई मटिल्डा गेल्या पावसाळ्यात वारली. धाकटी बहीण रिटा, तिचं लग्न आता महिन्यावर आलंय. त्यांच्या घरात एक रीत आहे, घरापुरतीच, गावात सगळीकडे आहे असं नाही. मुलगी चर्चला निघायच्या आधी आई तिला जवळ बसवून एक गाणं म्हणते. आई एकटीच म्हणते, बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं. आजीने मटिल्डासाठी म्हटलं, मटिल्डाने पॉलिनसाठी म्हटलं.

‘‘आता रिटासाठी कोन म्हननार?’’ पॉलिन म्हणाली. ‘‘मीच. मी मोठी. बोल येतात मला. पन आई कशी म्हनायची ते येत नाय. कुठं थांबायची, कुठं ओढायची. क्लेमेंटीन मावशीला विचारलं तर ती रोझरीच्या जपावानी भराभर म्हनते. रिटा म्हनते, नको मग, राहू दे ते गानं. राहू दे कसं म्हनेल कोन? ताई, ह्या सीडीत आई गाते. मला तिचा आवाज काढून द्या. दुसरं काय नको.’’

हेमांगीचा हात वालाच्या ताटात तसाच थांबला. मला पुढचं माहीत होतं. सगळ्या आचोळ्याला माहीत होतं म्हणा ना, की त्या सीड्यांत गाणी सिनेमाची असतात.

तरी तिने टीव्हीवर सीडी लावली. मटिल्डा दिसली. ठेंगणी, ठसठशीत बाई, अंगावर नवं लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर. पांढऱ्या झग्यातल्या पॉलिनला तिने जवळ ओढून घेतलंय. ती तोंड उघडते, आणि तिच्या तोंडातून कुणा सिनेमातल्या पुरुषाचा आवाज येतो, ढोलकी, गिटार, कोरस सगळ्यासकट. भोवती ते सुस्त बदाम. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

‘‘आई जिवंत होती तवा आमी हसायचो,’’ पॉलिन म्हणाली. ‘‘ती सोता हसायची. म्हनायची, बघा माझा आवाज कसा बसलाय. तवा काय, आई घरात होती, आवाज पन घरात होता.’’

‘‘आवाज नाही हो राहिलेला,’’ हेमांगी म्हणाली. ‘‘आम्ही तो काढूनच टाकतो. काढलेला ठेवत नाही.’’

‘‘मग ती मोठी कॅसेट? शूटिंगची?’’

‘‘तिच्यावर दुसरं लग्न घेतलं. मग तिसरं घेतलं असेल. शेट त्याच कॅसेटा फिरवतो.’’

पॉलिन म्हणाली, ‘‘म्हंजे माझ्या आईवर दुसऱ्याचं लगीन.’’

मी पाणी आणून दिलं, पॉलिनने ते हातात धरून ठेवलं. पडद्यावर ते गाणं चालूच होतं, धडाधड, निर्लज्जासारखं. पॉलिन म्हणाली, ‘‘ताई, तेवढं बंद करा. आईला नुसतं बघते आनि जाते.’’ हेमांगीने आवाज बंद केला.

घर एकदम शांत झालं. खाली गिरणीही बंद होती, रविवार होता. मटिल्डा आवाजाविना गात राहिली. तिने तोंड उघडलं, बदाम फुगले. तिने ओठ मिटून श्वास घेतला, बदाम आवळले. पुन्हा उघडलं, पुन्हा फुगले. मी आधी बघत होते फक्त, मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मग हेमांगीने ताट बाजूला सारलं आणि गुडघ्यांवर सरकत पडद्यापाशी गेली. वाल सांडले. मी ओरडणार होते, तिचा चेहरा बघून ओरडले नाही.

तिने तो भाग मागे नेऊन परत लावला. परत एकदा. मग पुढे जाऊन केक कापतानाचा भाग लावला, आवाज चालू करून. तिथले बदाम गाण्यावर बरोबर उड्या मारत होते. पुन्हा मागे आली, आवाज बंद केला. मटिल्डाच्या ओठांवर एक बोट आणि एका बदामावर दुसरं बोट ठेवून ती बघत राहिली.

‘‘वहिनी,’’ ती म्हणाली, ‘‘हे त्या गाण्यावर नाचतच नाहीयेत. हे हिच्यावर नाचतायत.’’

मग तिने आम्हाला समजावून सांगितलं, तुटक तुटक, मध्येच थांबत. नेहमी ती आधी कॅमेऱ्याचा आवाज काढून टाकायची, मग गाणं चढवायची, मग बदामांची गाठ गाण्याशी मारायची. त्या दिवशी लाइट दोनदा गेली. घाईत पुन्हा मांडताना या एका भागात क्रम चुकला. कॅमेऱ्याचा आवाज अजून तिथेच होता आणि गाठ त्याच्याशी पडली. बदामांनी मटिल्डाचा आवाज ऐकून हलायचं कसं ते एकदा ठरवून घेतलं, आणि त्यानंतर तिने तो आवाज पुसला. आवाज गेला, हलणं राहिलं. गिरणीच्या घरघरीत तिला यातलं काही कळलं नाही.

‘‘चूक ती चूकच,’’ हेमांगी म्हणाली. ‘‘पण ठेक्याची नव्हती.’’

पॉलिनला हे सगळं कितपत कळलं, माहीत नाही. तिला एवढं कळलं की बदाम फुगलेत म्हणजे आई गाते आहे आणि आवळलेत म्हणजे आई थांबली आहे. ती पडद्यासमोर मांडी घालून बसली आणि हळू आवाजात, लाजत, गायला लागली. गाणं त्यांच्या बोलीतलं होतं. मुलीने निघताना काय काय मागे ठेवून जायचं ते त्यात एकेक करून सांगितलेलं: दारची विहीर, शेजारणीचं दार, किनाऱ्याला लावलेली होडी. पॉलिनने विहीर लवकर संपवली, बदाम अजून फुगलेलेच होते. हेमांगीने हाताने खूण केली, थांब. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी विहीर लांबली. शेजारणीच्या दारापाशी बदाम एकदम लहान झाले, अगदी वाटाण्याएवढे, पण हलत होते. पॉलिन म्हणाली, ‘‘हां, हितं ती हळू म्हनायची. शेजारीन ऐकल म्हनून.’’ आणि हसली. होडीला आल्यावर बदाम जे मोठे झाले ते तसेच राहिले, राहिले, राहिले. पॉलिनचा दम संपला. ती खोकली, डोळे पुसले.

‘‘एवढा दम होता तिच्यात,’’ ती म्हणाली. ‘‘शेवटी शेवटी चार पायऱ्या चढत नव्हती.’’

होडीनंतर, गाणं संपायच्या आधीच, मटिल्डाने तोंड मिटलं होतं. पॉलिनचा झग्यातला चेहरा तिच्या खांद्यात लपलेला होता, कुणाचंच तोंड हलत नव्हतं. बदाम आवळून बसले होते. आणि मध्येच एकदा, कुणी गात नसताना, सगळे बदाम मोठ्ठे फुगले आणि दचकल्यासारखे थरथरत खाली आले. हेमांगी म्हणाली, ‘‘हे काही तरी दुसरंच. दार वगैरे आपटलं असेल.’’

पॉलिन पडद्याकडे बघत होती. म्हणाली, ‘‘नाय. ते मी. मी रडले तिथं.’’

मी तरी तोंड फिरवलं आणि सांडलेले वाल गोळा करायला लागले.

हेमांगीने त्या आठवड्यात तिला नवी सीडी करून दिली. त्यात सिनेमाचं गाणं नव्हतं, कसलाच आवाज नव्हता. मटिल्डा आणि बदाम तेवढे ठेवले. पॉलिनने ती घरी लावून लावून गाणं बसवलं. मध्ये एकदा फोन केला होता तिने, म्हणाली, पोरं विचारतात की आपला टीव्ही मुका झाला काय.

रिटाच्या लग्नाचं शूटिंग विठ्ठलशेटकडेच आलं, आणि त्या दिवशी सकाळी कॅमेऱ्याबरोबर हेमांगी गेली. कधी जायची नाही ती. मलाही घेऊन गेली. पाचूबंदरच्या त्या घरात माणसं दाटीने बसली होती. ओटीवर दोन मुलं भांडत होती, त्यांना कुणीतरी बाहेर काढलं. पॉलिनने रिटाला जवळ बसवलं. भिंतीला टेकून क्लेमेंटीन मावशी बसली होती, हातात जपमाळ, चेहऱ्यावर ‘बघू या काय म्हणते ही’ असा भाव.

पॉलिनचा गळा काही गोड नाही. पण विहिरीपाशी तिने जेवढं ओढायचं तेवढं ओढलं, शेजारणीच्या दारापाशी आवाज अगदी खाली आणला, आणि होडीला आली तेव्हा तिने तो सूर धरला आणि सोडलाच नाही. मला वाटलं हिचा श्वास अडकतो आता. क्लेमेंटीन मावशीच्या हातातली माळ थांबली. म्हातारीने मान वर केली आणि दाराकडे पाहिलं, कुणी आत आलंय का बघावं तसं.

मग पॉलिन थांबली. गाणं संपलेलं नव्हतं, पण ती थांबली. लोकांना वाटलं, विसरली. एकीने मागून बोल सांगायला सुरुवात केली, तिला मी गप्प केलं. मला आणि हेमांगीला ठाऊक होतं की ही जागा कसली आहे. आईने इथे थांबून मुलीला रडू दिलं होतं. पॉलिन थांबून राहिली. आणि इतका वेळ ताठ बसलेली रिटा तिच्या खांद्यात तोंड घालून मोठ्याने रडली. ती शांत होईपर्यंत पॉलिन थांबली आणि मग उरलेलं गाणं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी विठ्ठलशेटने दुकानात विचारलं, ‘‘ते बाया गातात तिथे कुठलं गाणं टाकू या?’’ हेमांगी म्हणाली, ‘‘कुठलंच नाही. आवाज आहे तो राहील.’’ तो म्हणाला, गिऱ्हाईक बोंबलेल. ती म्हणाली, ‘‘बोंबललं तर माझ्याकडे पाठवा. बदाम लावणार आहे मी तिथे. ठेक्यात आहेत का नाहीत ते तुम्ही सांगा.’’ विठ्ठलशेटला पाच वर्षांपूर्वीचं काहीच आठवत नव्हतं. अशा लोकांना आठवत नाही, हेच तर त्यांचं सुख.

संध्याकाळी ती वर आली, पिठाने पांढरी, आणि स्टुलावर टेकली. मी सवयीने विचारलं, ‘‘चहा ठेवू?’’ ती म्हणाली, ‘‘ठेवा.’’ मी आत गेले, आलं घालून ठेवला. ती बाहेरून बोलत होती. म्हणाली, ‘‘काल पॉलिन थांबली ना वहिनी, आणि मग तिने पुन्हा उचललं, तेव्हा माझा हात मांडीवर पडला. आपोआप. आप्पा समेवर थाप द्यायचे तसा. बरोबर त्याच क्षणी पडला.’’ मी आतूनच म्हटलं, ‘‘पडणारच. कुणाची मुलगी तू!’’ कप घेऊन बाहेर आले तर चौकटीला डोकं टेकून ती झोपली होती, तोंड थोडं उघडं, भुवयांवर पीठ. खाली गिरणी चालू होती आणि स्टूल हलत होतं. मी तिला उठवलं नाही. चहावर बशी झाकली आणि दारातच खाली बसले.